कॅमेऱ्याला ऊन किती सोसते?

आपल्या डोळ्यांना जेवढे दिसते तेवढे सगळे कॅमेऱ्यालाही दिसते, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. ती किती अपुरी आहे हे पाहावयाचे असेल, तर मे महिन्याच्या दुपारी ताडोब्याच्या एखाद्या पाणवठ्यावर आलेला रानगवा डोळ्यांसमोर आणा. अंगाने काळाभोर आणि गुडघ्यांपासून खाली चारही पाय पांढरे, जणू मोजे चढवले आहेत. अंग बांबूच्या सावलीत आहे आणि पाय उन्हात आहेत. आपण पाहतो तेव्हा त्याच्या पाठीवरचे चकाकणारे केसही दिसतात आणि पायांवरचा चिखलही दिसतो. आता त्याचेच चलचित्र घ्या. अंग नीट दिसावे म्हणून कॅमेऱ्यात उजेड जास्त घेतला, की पायांच्या जागी चार पांढरे पट्टे उरतात. त्यांत ना चिखल, ना केस. पायांसाठी उजेड कमी केला, की अंगाचा नुसता काळा गोळा होतो. जनावर तेच आणि ऊनही तेच. मग असे का व्हावे?

हे का होते आणि त्यावर काय करावे, एवढेच आज सांगावयाचे आहे. हा विषय केवळ सिनेमावाल्यांचा आहे असे समजू नका. चित्रपटांसाठी बनवलेले डिजिटल सिनेमा कॅमेरे आता भाड्याने मिळतात आणि जंगलातही नेले जातात. झाडीपट्टीच्या नाटकांचे प्रयोग चित्रित होतात. शाळेत गुरुजींच्या हातात मोबाइल असतो आणि स्नेहसंमेलनाचे चित्रण त्यावरच होते. ह्या साधनांच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी उजेड टिपणारी आतली वस्तू एकाच जातीची आहे. तिला सेन्सर म्हणतात.

हा सेन्सर म्हणजे काय, हे धान पिकवणाऱ्या माणसाला समजावणे सर्वांत सोपे. तुमच्या शेतातल्या बांध्या आठवा. चौफेर धुरे घातलेले, एकाला एक लागून असलेले चौकोन. सेन्सरवर अशाच लक्षावधी अतिसूक्ष्म बांध्या ओळीने मांडलेल्या असतात आणि त्यांच्यावर पावसाऐवजी उजेड पडतो. कॅमेऱ्याचे शटर उघडे असते तेवढा वेळ हा पाऊस चालतो. शटर मिटले, की प्रत्येक बांधीत किती साचले ते मोजले जाते आणि त्या मापांवरून चित्र तयार होते. जास्त साचले तो भाग उजळ, कमी साचले तो काळसर. सेकंदाला चोवीस-पंचवीस वेळा हे भरणे आणि मोजणे चालू असते.

आता समजा, रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी काठी घेऊन तुम्ही पाणी मोजू लागलात. जी बांधी काठोकाठ भरली तिच्यात काठी धुऱ्याइतकीच भिजणार. धुऱ्यावरून चार बोटे पाणी वाहून गेले की चार हात, हे ती काठी सांगू शकत नाही. शेजारच्या चार बांध्यांवर कमी-जास्त पाऊस झाला असला, तरी चारही भरून वाहिल्या असतील तर चौघींचे माप एकच येणार. उन्हातल्या पांढऱ्या पायांचे नेमके हेच होते. चिखलाची बांधी भरली, केसांची बांधीही भरली. दोहोंचे माप सारखे आले आणि त्यांच्यातला फरक नाहीसा झाला. चित्राचा उजळ भाग असा वरून छाटला जाण्याला कॅमेऱ्याच्या धंद्यात हायलाइट क्लिपिंग म्हणतात.

येथे एक गोष्ट मनात पक्की ठसवावी. वाहून गेलेले पाणी जसे मागाहून मोजता येत नाही, तसा छाटला गेलेला उजेडही परत आणता येत नाही. संगणकावर चित्र काळसर केले, तर त्या पांढऱ्या डागाचा राखाडी डाग होईल, पण त्यात चिखल उमटणार नाही. जे मापलेच गेले नाही ते कोणतेही यंत्र खरेपणाने दाखवू शकत नाही. फार तर अंदाजाने काही रंगवील. मग ती नोंद राहत नाही, ती कल्पना होते.

दुसऱ्या टोकाची अडचण वेगळी आहे. बांधीत अगदी बोटभर पाणी असेल तर तेही नीट मोजता येत नाही, कारण तळाचा चिखल उंचसखल असतो. काठी कोठे टेकते त्याप्रमाणे माप बदलते. सेन्सरमध्येही अगदी कमी उजेड पडला तर हीच गत होते. चित्राचा अंधारा भाग दाणेदार दिसतो आणि त्यात ठिपके वळवळतात. त्याला नॉइज म्हणतात. मात्र दोहोंत फरक आहे. अंधाऱ्या भागात निदान काही माप असते. तो भाग दाणेदार झाला तरी त्यातला चेहरा ओळखू येतो. वरचा मात्र एका रेषेपाशी साफ तुटतो.

जुन्या फिल्मची गोष्ट याच्या उलट होती. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला तेव्हापासून पुढे कित्येक दशके आपला सिनेमा फिल्मवर चालला. निगेटिव्ह फिल्मवर उजेड वाढत गेला, तर ती एकदम हात टेकीत नाही; हळूहळू थकत जाते. उजळ भाग दबतो, पण बराच वेळ काही ना काही उरते. अंधारात मात्र जे उमटले नाही ते गेलेच. म्हणून जुने छायाचित्रकार सावल्या सांभाळा म्हणत. डिजिटल कॅमेरा हाती धरणाऱ्याने आधी पांढऱ्याकडे पाहावे.

आता थोडे मापाकडे वळू. उजेड मोजण्याच्या पायरीला स्टॉप म्हणतात. एक स्टॉप वर म्हणजे उजेड दुप्पट, एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा. अर्थात तीन स्टॉप म्हणजे आठपट आणि सात स्टॉप म्हणजे १२८ पट. २०१० साली आलेल्या आरी कंपनीच्या अलेक्सा ह्या सिनेमा कॅमेऱ्याचा पल्ला सुमारे १४ स्टॉप सांगितला जातो. म्हणजे त्याला दिसणाऱ्या सर्वांत काळ्या आणि सर्वांत उजळ भागांत सोळा हजार पटींहून अधिक अंतर असू शकते. नेहमीच्या ८०० आयएसओवर त्यांतले सात-साडेसात स्टॉप मधल्या करड्या रंगाच्या वर असतात आणि उरलेले खाली. मधला करडा म्हणजे पडलेल्या उजेडापैकी १८ टक्के परत फेकणारा रंग. छायाचित्रकार ह्याच रंगाचे पुठ्ठ्याचे कार्ड मापासाठी जवळ बाळगतात.

ह्या आकड्यांचा आपल्याकडच्या माणसांशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. तर बघा. धुतलेले पांढरे धोतर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ९० टक्के परत फेकते. म्हणजे करड्या कार्डाच्या पाचपट. सव्वादोन स्टॉपांहून थोडे जास्त. साध्या कॅमेऱ्यात, नेहमीच्या ठेवणीवर, करड्याच्या वर जागा असते ती जेमतेम अडीच स्टॉपांची. करड्याचे माप बरोबर लावले तर धोतर त्यात कसेबसे बसते. पण सावळा चेहरा करड्या कार्डाच्या आसपास किंवा एखादा स्टॉप खाली असतो. तो उजळावा म्हणून एक स्टॉप वाढवला, की धोतर धुऱ्यावरून वाहून गेलेच म्हणून समजा. लॉग ठेवणीवर चालणाऱ्या सिनेमा कॅमेऱ्यात वर सहा-सात स्टॉप जागा असल्याने तोच एक स्टॉप निर्धास्त वाढवता येतो. मोठ्या कॅमेऱ्याची किंमत बऱ्याच अंशी ह्या वरच्या जागेची असते.

ह्यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. एकाच उजेडात असलेल्या काळ्या-पांढऱ्या वस्तू चांगल्या कॅमेऱ्यात सहज मावतात. खरी ओढाताण होते ती ऊन आणि सावली एकाच चौकटीत आली म्हणजे. म्हणून भांडण रंगांचे कमी आणि उजेडांचे जास्त असते. आणि सोडवणूकही उजेडातच शोधावी लागते.

पण भरून वाहते आहे हे वेळीच कळावे कसे? कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहून कळेल, असे वाटते. तेथेच पहिली फसगत होते. चंद्रपूरच्या उन्हात आपल्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसलेल्या असतात, त्यामुळे पडद्यावरचे चित्र काळपट भासते. माणूस म्हणतो, उजेड वाढवू. आणि पांढरे जाते. रात्री नाटकाच्या मंडपात अंधारात तोच पडदा झगझगीत वाटतो. माणूस म्हणतो, उजेड कमी करू. आणि चेहरे दाणेदार होतात. शिवाय लॉग ठेवणीवर नोंदवलेले चित्र मुळातच फिकट असते आणि पडद्यावर ते रंग चढवून दाखवले जाते. त्यामुळे पडद्यावर छाटलेले दिसले तरी नोंदीत ते शाबूत असू शकते.

म्हणून मापाची साधने वापरावीत. पहिले झेब्रा. ठरवलेल्या पातळीच्या वर जो भाग जाईल त्यावर तिरपे पट्टे दिसू लागतात. दुसरे हिस्टोग्राम. तो म्हणजे डावीकडे काळ्याचा आणि उजवीकडे पांढऱ्याचा ढीग. ढीग उजव्या भिंतीला चिकटून उभा राहिला, की काही तरी वाहून जात आहे. तिसरे वेव्हफॉर्म, माझ्या मते सर्वांत उपयोगी, कारण चित्राच्या डाव्या बाजूचा उजेड आलेखाच्याही डाव्या बाजूला दिसतो. आलेखाचा माथा डोंगरासारखा वरखाली असला तर ठीक. माथा सुरीने कापल्यासारखा सपाट दिसला, तर तेथे छाटणी झाली. चौथे फॉल्स कलर. त्यात उजेडाच्या पातळीप्रमाणे चित्रावर निरनिराळे रंग चढतात. त्या रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, तेव्हा कॅमेऱ्यासोबतची पुस्तिका आधी वाचावी.

आपल्या कॅमेऱ्याचा धुरा नेमका कोठे आहे, हे घरच्या घरी काढता येते. पेटलेल्या दिव्यावर कॅमेरा रोखा आणि भिंगाचे छिद्र सावकाश उघडत जा. वेव्हफॉर्मवर दिव्याची रेघ वर चढत जाईल. एका ठिकाणी ती थांबेल. छिद्र आणखी उघडले तरी वर जाणार नाही. तीच पातळी लिहून ठेवा आणि झेब्रा तिच्या किंचित खाली लावा. लॉगमध्ये ही पातळी शंभरच असेल असे धरून चालू नका. ती पुष्कळदा त्याखाली असते. आयएसओ बदलून हीच परीक्षा पुन्हा करा. बऱ्याच सिनेमा कॅमेऱ्यांत आयएसओ बदलल्याने धुऱ्याची उंची बदलत नाही. वर किती जागा ठेवावयाची आणि खाली किती, एवढीच वाटणी बदलते.

आता एक खोच सांगतो; ती पुष्कळांना चकवते. सेन्सरवरच्या बांध्या लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडासाठी वेगवेगळ्या असतात. झेब्रा मात्र सहसा तिघांचा एकत्रित उजेड पाहतो. त्या बेरजेत हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ टक्के आणि निळ्याचा अवघा ७ टक्के धरतात. फाल्गुनात पळस पेटल्यासारखा फुलतो तेव्हा लालची बांधी भरून वाहत असते, तरी झेब्रा गप्प असतो. चित्रात पाकळ्यांच्या शिरा आणि लव नाहीशी होऊन सपाट शेंदरी डाग उरतो. झाडीपट्टीच्या रंगमंचावर हे फार घडते. दिवाळीनंतरच्या हंगामात, शंकरपटाच्या निमित्ताने रात्र रात्र चालणारी ही नाटके. वडसा-देसाईगंज हे त्यांचे मोठे केंद्र. ह्याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मंचावर निळ्या एलईडीचा झोत नटाच्या तोंडावर पडला, की निळ्याची बांधी काठोकाठ भरते. झेब्र्याच्या हिशेबी मात्र तेथे काळोखच असतो. तेव्हा रंगीत दिव्यांखाली लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे दाखवणारा आलेख पाहावा. तो नसेल तर उजेड एखादा स्टॉप कमीच घ्यावा.

इतके झाल्यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येक पांढरा ठिपका वाचवावा. तसे मुळीच नाही. सूर्य, दिव्याची वात, पाण्यावरची चमक ही डोळ्यांनाही दिपवतात. ती छाटली गेली तर कोणाचे काही बिघडत नाही. कांडोळाच्या पांढऱ्या सालीवर किंवा बगळ्याच्या पिसांवर मात्र पाहण्यासारखे काही असते, ते जपावे. म्हणून दर वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ह्या चित्रात काय गेले तर चित्रच गेले?

ह्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा माणसाचा चेहरा असे येते. आणि आपल्या भागात त्याला विशेष अर्थ आहे. समजा, एटापल्ली किंवा धानोरा तालुक्यातले एक गुरुजी गावातल्या वृद्ध माणसाकडून रेला गाणी ऐकत आहेत आणि मोबाइलवर टिपून घेत आहेत. दुपारची वेळ. म्हातारबुवा आपल्या घराच्या पडवीत, मागे उन्हात तळपणारे अंगण, अंगावर पांढरे धोतर. आपोआप उजेड ठरवणारा कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढतो. अंगण फार उजळ आहे असे पाहून तो उजेड कमी करतो. आवाज उत्तम येतो, अंगण सुरेख येते, आणि गाणाऱ्याचा चेहरा म्हणजे एक काळी आकृती. दहा वर्षांनी त्यांची नातवंडे ते चित्र पाहतील तेव्हा त्यांना आजोबा दिसणार नाहीत.

सावळ्या माणसाला यंत्राने विसरणे नवे नाही. कोडॅक कंपनीच्या रंगीत छपाईसाठी प्रयोगशाळांना 'शर्ली' नावाची नमुना-चित्रे पाठवली जात. त्यांवर गोऱ्या वर्णाची स्त्री असे आणि तिचा वर्ण बरोबर आला म्हणजे रंग बरोबर आले, असे समजत. आजही पुष्कळ ठिकाणी शिकवतात, की चेहरा करड्याहून एक स्टॉप वर ठेवावा. गोऱ्या चेहऱ्याला हे लागू पडते. आपल्याकडच्या माणसाला तसेच लावले, तर त्याचा वर्ण खोटा होतो आणि धोतरही जाते. सावळ्या चेहऱ्याचे माप करड्याच्या आसपास किंवा किंचित खाली ठेवावे; तो सावळाच दिसू द्यावा, मात्र डोळे आणि सुरकुत्या दिसतील इतका उजेड त्यावर असावा.

उपाय सोपे आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत. पहिला, वेळ बदला. सकाळी आठच्या आत आणि सायंकाळी पाचनंतर ऊन-सावलीतले अंतर कमी होते. दुसरा, जागा बदला. उजळ अंगणाकडे पाठ करून बसलेल्या माणसाला अंगणाकडे तोंड करून पडवीत बसवा. मागे घराची भिंत येऊ द्या. अंगणातला तोच उजेड आता शत्रू न राहता चेहऱ्यावर पडेल. तिसरा, चेहऱ्यावर उजेड परतवा. चौकटीच्या बाहेर दोघांनी एक पांढरी चादर ताणून धरली तरी फरक दिसेल. चौथा, मोबाइलवर आपोआप बदलणारा उजेड थांबवा. बहुतेक मोबाइलमध्ये चेहऱ्यावर बोट दाबून धरले, की माप तेथे बांधले जाते. मग बोटाने ते किंचित खाली ओढून पांढऱ्यातले तपशील दिसतात का, ते पाहावे.

सिनेमा कॅमेरा हाती असेल तर उन्हाचा हिशेब आधी कागदावरच करता येतो. स्वच्छ उन्हात शटरचा वेळ आयएसओच्या आकड्याइतका, म्हणजे ८०० आयएसओला सेकंदाचा आठशेवा भाग, ठेवला तर भिंगाचे छिद्र एफ १६ असावे, हा जुना नियम. सिनेमात शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास लागते. म्हणजे उजेड सोळापट, चार स्टॉप जास्त. छिद्र एफ ५.६ वर ठेवावयाचे असेल तर आणखी तीन स्टॉप. एकूण सात स्टॉप उजेड बाहेरच अडवावा लागेल. त्यासाठी भिंगासमोर करड्या काचेचा एनडी फिल्टर लावतात. सात स्टॉपांसाठी २.१ आकड्याचा फिल्टर. काच विसरून जंगलात गेलात, तर मेमधले ऊन तुमची गय करणार नाही.

शेवटी एवढेच, की धोतर आणि चेहरा ह्यांपैकी एकच वाचवणे शक्य असेल, तर चेहरा वाचवावा. पण तसा प्रसंगच येऊ नये म्हणून आधी माणसाला सावलीत घ्यावे. यंत्राला धोतर आणि माणूस ह्यांतला फरक कळत नाही. तो फरक करणे हे चित्र घेणाऱ्याचे काम आहे. जंगलातला गवा उद्या पुन्हा पाण्यावर येईल. परंतु गावातल्या एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याचे गाणे किंवा दंडारीतल्या सोंगाड्याची शेवटची रात्र पुन्हा टिपायला मिळेलच असे नाही. म्हणून नोंद सुरू करण्यापूर्वी दोन मिनिटे थांबा, सर्वांत उजळ काय आहे ते पाहा, त्याहून महत्त्वाचे काय आहे ते ठरवा, आणि मगच बटण दाबा.